तेरड्याची लाल मुळं

"मग पाकळीला कळतं कसं, की रंग आपणच करायचा?"

भन्ते सुमंगल यांनी विचारलं. डॉ. विशाखा लोणारे याच प्रश्नाची वाट बघत होती.

चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी भन्ते नागभीडच्या शाळेत तिला जीवशास्त्र शिकवत. तिच्या संशोधनाला दिल्लीत मोठा सन्मान मिळाला होता. ते सांगायला ती टेकडीवरच्या विहारात आली, तेव्हा ते तेरड्याच्या वाफ्याला पाणी घालत होते.

तिने समजावून सांगितलं. झाडाच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. पाकळीत जी, तीच मुळात. पण रंगाच्या जनुकाच्या अलीकडे एक लहानसा तुकडा असतो, खटक्यासारखा. तो दाबणारी प्रथिनं पाकळीत तयार होतात. मुळात होत नाहीत.

"तो तुकडा मी शोधला, भन्ते. नऊ वर्षं लागली. मग तो बदलला आणि मुळातसुद्धा रंग आणला. लालभडक. हे आधी कुणालाच जमलं नव्हतं."

भन्त्यांचा चेहरा उजळला. आपल्या विद्यार्थिनीचा त्यांना अभिमान वाटला आणि त्यांनी तो लपवला नाही. मग त्या रोपांचं पुढे काय झालं, ते त्यांनी विचारलं.

"सुकली..." ती म्हणाली. मुळं रंग करण्यातच दमली, पाणी ओढेनात. पण तिला जे सिद्ध करायचं होतं, ते झालं होतं.

भन्त्यांनी झारी पुढच्या रोपावर धरली.

तिला गप्प बसवेना. कित्येक वर्षं मनात ठेवलेलं ती आज बोलून गेली.

"तुम्ही विद्यापीठात पहिले आला होतात. माझ्याहून जास्त येत होतं तुम्हाला. आज दिल्लीच्या त्या मंचावर तुम्ही असायला हवे होतात, भन्ते. मग आधी आम्हा पोरांना शिकवण्यात आणि आता इथे पाणी घालण्यात... का?"

बोलून झाल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. पण उत्तर तिला हवंच होतं.

भन्त्यांनी झारी खाली ठेवली. फुलांनी लगडलेल्या एका रोपाजवळ ते उकिडवे बसले. बोटांनी बुंध्याची माती अलगद बाजूला केली. आत मूळ होतं. पांढरं, ओलं.

विशाखा वाकून बघत राहिली...

भन्त्यांनी माती पुन्हा नीट लोटली, तळव्याने दाबली.

"यालाही रंग करता येतो, विशाखा. करत नाही."