मटकीच्या रंगाची पोर

फार फार पूर्वी, नाकतोडे पायांनी टाळ्या वाजवून बोलत तेव्हा, एका माळावर सगळे नाकतोडे हिरवेगार होते. टुणकीला मात्र तपकिरी पोर झाली.

मुखिया हरितराव गरजले, "हा डाग आपल्या कुळात नको! पोरीला हाकला!"

टुणकी पोरीला घेऊन भुंगेआजोबांकडे धावली. त्यांना खेळ मांडून उत्तर शोधायची भारी हौस. सगळा माळ त्यांच्यापाशी गोळा झाला.

आजोबांनी हिरव्या पानावर नऊ मूग आणि एक मटकी ठेवली. "हे आपले नाकतोडे. मुंगीताई, तू साळुंकी हो. चटकन दिसेल तो दाणा उचल."

मुंगीने मटकीच उचलली. हरितरावांनी आनंदाने तीन कोलांट्या मारल्या.

"थांबा, उन्हाळा येतोय," म्हणत आजोबांनी तेच दहा दाणे वाळक्या गवतावर पसरले. मुंगीने पटापट आठ मूग टिपले. उरलेल्या प्रत्येक दाण्याला त्याच्याच रंगाची चार पोरं झाली असं धरून आजोबांनी नवे दाणे टाकले आणि मुंगी पुन्हा टिपायला लागली. तिसऱ्या खेपेला गवतावर मटकीच मटकी होती!

मग एकच धांदल उडाली. सगळ्यांना तीच सून हवी! हरितराव इतरांच्या डोक्यांवरून उड्या मारत पुढे आले. "विहीणबाई, आमचा धाकटा कसा वाटतो?"

"अहो, ती काल जन्मली!" टुणकी हसून हसून लोळायला लागली.

"थांबू की आम्ही!" हरितराव ऐटीत म्हणाले. तेवढ्यात वर खरीच साळुंकी घिरट्या घालू लागली, आणि मुखिया टुणकन उडून त्या चिमुरडीच्या मागे लपले.