दीर्घजिह्व मुनींचे आसन

द्वापरयुग उतरणीला लागले होते आणि ऋषींची संख्या शिष्यांहून वाढली होती, त्या काळी सिंधूपलीकडील यवनपुरीत क्लितोमेद नावाचा राजा राज्य करीत असे. त्याने रणदक्षा, विद्यादात्री अथेना देवीची सूर्यबिंबासारखी झळाळणारी कांस्यमूर्ती घडवून घेतली. मस्तकी शिरस्त्राण, उजव्या हाती भाला, डाव्या मनगटावर घुबड. 'या मूर्तीचा अर्थ जो सांगेल, त्याला राजगुरूचे आसन,' अशी दवंडी पिटली गेली.

ती दीर्घजिह्व मुनींच्या कानी पडली. आश्रमाआश्रमांतून हाकलले गेलेले हे तपोधन आसनासाठी किती आसुसले होते, हे त्यांच्या कमंडलूलाही ठाऊक होते.

मूर्ती पाहताच त्यांनी नाक मुरडले. "अरेरे, राजा! विद्येच्या हाती भाला? इथे पाठांतर चुकले की भोसकतात वाटते! आणि हे घुबड? आमच्याकडे असले अभद्र पाखरू छपरावर बसले, तर म्हातारी खडा मारते. काढ ते!"

राजाने भीतभीत घुबड कापवून काढले. मुनींना आणखीच चेव आला. त्यांनी देवीच्या उदरावर टिचकी मारली. मूर्ती घंटेसारखी घुमली.

"पोकळ!" मुनी खदखदून हसले. "आमच्या मूर्ती कशा, भरीव ओतलेल्या! आत मुंगीलाही जागा नाही. अर्थ ऐक, राजा : वरून झळाळी, आत वारा. आण ते आसन!"

तोच कांस्याच्या पापण्या हलल्या.

"मुनिवर्य," अथेना म्हणाली, "तुमच्या देवळाचा गाभारा भरीव असतो का हो?"

"छे! मग देव बसेल कुठे?"

"आणि मी कुठे बसू?"

सभा खुसखुसली. आसन हातचे निसटताना पाहून मुनींनी घाईघाईने हात जोडले. "माते, तेच तर मी सांगणार होतो—"

"सांगणारच होतास! भाला आहे तो असल्या बाता फोडायला. घुबड होते ते अंधारात पाहणारे आणि गप्प राहणारे. तू भर उजेडात न पाहता बोललास. माझे मनगट तूच रिकामे केलेस ना? मग बैस तिथे. आणि भरीव हो, वाचाळा!"

जटांची पिसे झाली, नाकाची चोच झाली, आणि मुनिश्रेष्ठ मनगटावर चिकटले ते चिकटलेच.

तेव्हापासून त्या मूर्तीला टिचकी मारली की देवी घुमते. घुबड नुसते ठक्क करते. डोळे वटारलेले, चोच बंद. क्लितोमेदाने शब्द पाळला, राजगुरू म्हणून त्या घुबडालाच नेमले. आणि असा गुरू लाभल्यामुळे राज्य पुढे फार सुखात चालले.