कुंडाच्या तळाचं झाकण

"मग त्या नव्या चेल्याला, हरबाला, घरी पाठवायचं की नाही? एकदाचं सांगून टाका, महाराज!"

त्रिंबकगिरी कुंडातून डोकं वर काढून ओरडला आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा बुडाला.

मठाचं कुंड आज रिकामं करून घासायचं होतं. तळाच्या भोकावर ताटाएवढं लाकडी झाकण होतं. त्याची कडी ओढायची, एवढंच काम. पण सकाळपासून ओढून ओढून त्याच्या तळहातांची सालटी निघाली, तरी झाकण ढिम्म हललं नव्हतं.

तो वर आल्यावर भैरवगिरी महाराजांनी विचारलं, "काय केलं हरबाने?"

"काहीच करत नाही, तेच तर! आई गेल्याचा निरोप आला, तेव्हापासून खोलीत पडून आहे. जेवत नाही, उठत नाही. आत्मा अमर आहे म्हणून सांगितलं, संसार मिथ्या आहे म्हणून सांगितलं..."

"किती वेळा?"

"रोज! सकाळ-संध्याकाळ! एखादा दगडसुद्धा उठून बसला असता."

"आणि तो?"

"भिंतीकडे तोंड करतो. असल्याला संन्यास झेपायचा नाही. आजच गावी धाडतो."

"गावात आता त्याचं आहे कोण?"

त्रिंबकगिरीने तोंडावरचं पाणी निपटलं.

"नियम म्हणजे नियम, महाराज."

महाराजांनी कपाळावर हात मारला. हा शिष्य हुशार होता, सगळे ग्रंथ त्याला तोंडपाठ होते, आणि त्यामुळेच त्याच्याशी बोलताना जीव मेटाकुटीला यायचा.

"ते झाकण कशाचं रे?"

"लाकडाचं."

"लाकूड तरंगतं ना?"

"तरंगायला हवं! पण हे मेलं..." त्याने रागाने पाण्यावर थापड मारली.

महाराज पुटपुटत उतारावर गेले. कुंडाची मोरी तिथे उघडत होती. झाकणाच्या फटीतून झिरपलेलं पाणी तिच्यातून बारीक धारेने वाहून जात होतं. महाराजांनी चिखलाचा मोठा गोळा घेतला आणि मोरीचं तोंडच लिंपून टाकलं.

"अहो, पाणी बाहेर काढायचंय! तुम्ही वाटच बुजवताय?"

"घटकाभर तोंड मिटून बस. जमेल?"

जमणं कठीण होतं. तरी तो दात आवळून काठावर बसला.

...

तळातून बुडबुडे आले. मग कुणी हात न लावता झाकण डगमगलं, सुटलं आणि वर येऊन तरंगू लागलं.

"हे... कसं झालं?"

"वर पुरुषभर पाणी आणि खाली नुसती पोकळी. दबून बसलं होतं बिचारं. खाली पाणी भरलं, तसं आलं वर."

महाराजांनी मोरीच्या तोंडावरचा चिखल पायाने उडवला. पाणी धो धो वाहू लागलं.

त्रिंबकगिरीने बराच विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला.

"समजलं! म्हणजे हरबाला आता दुसरा श्लोक सांगायला हवा. कुठला सांगू?"

महाराजांनी डोळे मिटून घेतले...

"वरून ओतणं पुरे. तुझी आई गेली, तेव्हा तू कुठे लपून रडलास, ते सांग त्याला."