दुभाष्याने सांगितलेलं फळ

फार पूर्वी, तीन मुलखांच्या वाटा जिथे येऊन मिळत अशा एका बाजारगावात अंताजी नावाचा दुभाष्या राहत होता. उत्तरेचे घोडेवाले, दक्षिणेचे सुपारीवाले, गुजरातेतले कापडवाले, सगळ्यांचं बोलणं तो गावकऱ्यांना समजावून सांगे. "मला न कळणारी भाषा अजून जन्माला यायची आहे," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि लोकही माना डोलवायचे.

खरं म्हणजे त्याला भाषा येत होत्या त्या बाजारापुरत्या. कापडाचा पोत, सुपारीचा भाव, घोड्याचं वय, एवढं त्याला सगळ्या भाषांत पाठ होतं. पण आई लेकराशी काय बोलते, आजारी माणूस काय म्हणून कण्हतो, हे ऐकायला तो कधी कुणाच्या घरात गेला नव्हता.

एकदा बाजार नसलेल्या दिवशी, भर दुपारी, गावच्या वैद्यबुवांच्या ओट्यावर एक गुजराती बाई आली. तिच्या सोबतचे लोक पुढे निघून गेले होते. खांद्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी होती, जीवी. मान टाकलेली, ओठ सुकलेले. बाई रडत रडत काहीतरी सांगत होती आणि वैद्यबुवांना अक्षर कळत नव्हतं. लोकांनी धावत जाऊन अंताजीला आणलं. बघता बघता ओट्याभोवती गर्दी जमली.

"छोकरी सवारथी बगासां खाय छे," बाई म्हणाली. "बस, बगासां ज खाय छे!"

छोकरी कळलं. सवारथी म्हणजे सकाळपासून, तेही कळलं. खाय छे म्हणजे खाते. पण बगासां? हा शब्द अंताजीने कधी ऐकलाच नव्हता.

"काय म्हणते?" वैद्यबुवांनी विचारलं.

सगळं गाव त्याच्या तोंडाकडे पाहत होतं. अंताजीने घसा साफ केला. "पोरगी सकाळपासून बगासं खातेय म्हणते."

"म्हणजे रे काय?"

"एक... रानफळ असतं, बुवा. त्यांच्याकडे."

वैद्यबुवांचा चेहरा उतरला. "रानफळ? मग विष भिनतंय पोरीच्या अंगात. गेळफळाचा काढा पाजून ओकारी काढायला हवी. जीव एवढासा उरलाय, तिला सोसेल की नाही देव जाणे. पण दुसरा इलाज नाही." आणि ते घाईघाईने चूल पेटवायला आत गेले.

अंताजी ओट्याच्या कडेला टेकला. लगेच उठला. 'फळच असणार,' तो मनाशी म्हणाला. 'खातात, म्हणजे खायचीच वस्तू.' पण मन काही ऐकेना. तो विहिरीवर गेला, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. तिथून तो कापडवाल्यांच्या आळीत धावला. कुणी गुजराती भेटला तर हळूच विचारून घेऊ, असा त्याचा बेत होता. सगळी दुकानं बंद. एक कुत्रं तेवढं सावलीत पडलेलं. तो परत फिरला. वाऱ्यावर कडवट वास आला. काढा उकळायला लागला होता.

ओट्यावर ती बाई पोरीचे तळवे चोळत बसली होती. तिला विचारलं की सगळं कळणार होतं. पण लोक ऐकतील! एवढ्या भाषांचा अंताजी एका शब्दाला अडला, म्हणतील. तो दोनदा तिच्याजवळ गेला आणि दोनदा मागे फिरला.

तेवढ्यात आत वैद्यबुवांनी काढा गाळायला घेतल्याचा आवाज आला. अंताजी मटकन बाईसमोर बसला. "बहेन, बगासां एटले शुं?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने तोंड उघडलं, मोठा आऽऽ केला, वर हाताने झाकलं आणि मुलीकडे बोट दाखवलं.

जांभई!

वैद्यबुवा वाटी घेऊन बाहेर आले होते. त्यांनी मुलीची मान उचललीसुद्धा. अंताजीने झेप घेऊन त्यांचा हात धरला. अर्धा काढा सांडला.

"पाजू नका, बुवा! फळ नाही ते, जांभई आहे. पोरगी सकाळपासून नुसत्या जांभया देतेय."

"जांभई कुणी खातं का?"

"आपण देतो. उत्तरेकडचे लोक घेतात. यांच्यात खातात."

"मग मघाशी ते फळ कुठून आणलंस?"

अंताजीची मान खाली गेली. "माझ्याच तोंडातून, बुवा. मला शब्द कळला नव्हता. सांगायची लाज वाटली."

वैद्यबुवांचे डोळे लाल झाले. पण रागवायला वेळ नव्हता. "विचार तिला, पोरीच्या पोटात काय आहे?"

काहीच नव्हतं. कालपासून दोघी उपाशी, आणि सकाळपासून उन्हात चालत होत्या. वैद्यबुवांनी काढा ओतून दिला. मुलीला आत गारव्याला निजवलं, कपाळावर ओली घडी ठेवली आणि मीठ घातलेली तांदळाची पेज चमच्या-चमच्याने पाजली. "ओकारी काढली असती, तर ही हाताला लागली नसती," एवढंच ते बोलले. अंताजी भिंतीला धरून उभा होता.

गावात व्हायचं ते झालंच. काही टवाळ त्याला 'फळवाला' म्हणू लागले, आणि ते नाव बरेच दिवस टिकलं.

पण त्या दिवशी उन्हं कलताना जीवी उठून बसली आणि आणखी पेज मागू लागली. तिची आई अंताजीकडे वळून डोळे पुसत भराभरा काहीतरी बोलली. सगळं गाव पुन्हा त्याच्या तोंडाकडे पाहू लागलं.

"बहेन," अंताजी सगळ्यांना ऐकू जाईल असं आधी मराठीत आणि मग तिच्या भाषेत म्हणाला, "मला अर्धंच समजलं. पुन्हा सांगा. जरा हळू."

मागे कुणीतरी हसलं. बाई पुन्हा, सावकाश सांगू लागली, आणि अंताजी कान देऊन ऐकू लागला.

तात्पर्य: 'कळलं नाही' म्हणताना आपली मान खाली जाते ती घडीभरच, न कळता दिलेल्या उत्तराची किंमत मात्र दुसऱ्याच्या जिवाने चुकवावी लागते.