पानाच्या उजव्या बाजूची कहाणी

ऐक अन्नपूर्णामाये, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं, तिथं साळूबाई नावाची एक बाई होती. गळा असा, की तिनं ओवी धरली की बायका दळायच्या थांबत. तिच्या गाण्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे. पण जीभ? अगं बाई! पानात डावीकडं लोणच्याची रास, ठेच्याचा गोळा, तळणाचा ढीग. उजवीकडं भाजी नैवेद्याएवढी! हसता काय गं? तुमची पानं मला ठाऊक आहेत.

मग काय झालं? छातीत जळू लागलं, आंबट ढेकर येऊ लागले, आणि एके सकाळी आवाजच फुटेना. लेकीची, येसूची, हळद नऊ दिवसांवर आलेली! येसू म्हणाली, "आई, तू गायली नाहीस तर मी हळद लावून घ्यायची नाही." साळूबाई तडक उठली.

मग वैद्याकडं गेली. त्यानं गुटी दिली, तिनं वर लोणचं खाल्लं. मग देवऋष्याकडं गेली. त्यानं अंगारा दिला, तिनं वर ठेचा खाल्ला. मग शेजारणीकडं गेली. तिनं मिऱ्याचा काढा दिला, तर आग दुप्पट झाली! असे तीन दिवस गेले.

मग भर दुपारी एक म्हातारी दारी आली. साळूबाईनं तिला आपल्यासारखंच पान वाढलं. म्हातारी कडाडली, "अगं, डावी बाजू चाटायची, उजवी जेवायची! तू उलटं करतेस. छाती जळेल नाही तर काय होईल?" साळूबाई पाया पडून कुजबुजली, "आजी, मला वसा सांगा."

"डावं बोटभर, उजवं ओंजळभर. दुधी घ्यावा, पडवळ घ्यावं, पालेभाजी घ्यावी, वर गोडं ताक प्यावं. दिवेलागणीला जेवावं, जेवून लगेच आडवं होऊ नये. चोरून खाऊ नये." म्हणाली, आणि दिसेनाशी झाली.

मग एक दिवस वसा केला, जळजळ उणी झाली. दुसरा केला, ढेकर थांबले, आवाज थोडा फुटला. तिसऱ्या दिवशी घरधन्यानं मिरचीची भजी आणली! साळूबाई म्हणाली, नको. मग म्हणाली, एकच. मग उभ्या उभ्या आठ! आला होता तेवढाही आवाज गेला. ढसाढसा रडली. येसूनं आपलं पान आईशेजारी मांडलं. म्हणाली, "रडू नकोस. मीही दुधीच खाते, बघू कोण आधी कंटाळतं!" मग दोघींनी मिळून वसा चालवला.

हळदीचा दिवस आला. येसू पाटावर बसली, पण कुणाला हात लावू देईना. साळूबाईनं तोंड उघडलं. पहिला सूर खरखरला. दुसरा चिरकला. तिसरा... अगं, तिसरा मांडव ओलांडून वेशीपर्यंत गेला! येसू हसत रडत ओरडली, "लावा गं, लावा आता हळद!"

जशी अन्नपूर्णा साळूबाईला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं, भरल्या पोटी, निवल्या छातीनं सुफळ संपूर्ण.