हजराबूची झील

"एवढ्यात बंद का करायला लावलंत, बाबा? आवडलं नाही?"

याकूतबाबांनी समोरच्या परातीतून एक रातांबा उचलला, फोडला, बिया बाजूला टाकल्या. त्यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

प्रश्न विचारणारे उपेंद्र लोंढे पुण्याहून आले होते. आफ्रिकेतली आणि जगभरातल्या काळ्या लोकांची जुनी गाणी शोधायची, त्यांतली खरखर काढायची आणि नव्या संचात पुन्हा प्रसिद्ध करायची, हे त्यांचं काम. असे चार संच निघाले होते. पाचवा संच खाडीकाठच्या सिद्दी लोकांचा होता. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतूनच इथे आले.

संचातलं मुख्य गाणं हजराबू या म्हाताऱ्या गायिकेचं. पन्नास वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी ते इथल्या दर्ग्याच्या अंगणात टेपवर घेतलं होतं. हजराबू आता नाही. तिचे शिष्य याकूतबाबा दर्ग्याची दिवाबत्ती पाहतात. गुरूचं गाणं बाहेर द्यायचं की नाही हे शिष्याने ठरवायचं, अशी इथली रीत. तबकड्या सोमवारी छापायला जायच्या होत्या, आणि बाबांनी अजून हो म्हटलं नव्हतं.

लोंढे यांनी आधी त्यांना अमेरिकेतल्या एका चर्चमधलं भजन ऐकवलं होतं. एक माणूस ओळ म्हणतो, मागून सगळी माणसं ती उचलतात. बाबांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी तिसऱ्या ओळीपासून ते बरोबर जागा धरून मागच्या माणसांत मिसळून गाऊ लागले होते. लोंढे खूश झाले होते.

मग हजराबूचं गाणं लावलं. पहिली ओळ संपली. बाबांनी तोंड उघडलं... आणि मिटलं. दुसरी ओळ संपली. पुन्हा तसंच. तिसरीलाही तसंच.

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची सून जैनब म्हणाली, "पाण्याबाहेर काढलेल्या बोयर माशासारखं काय करताय, बाबा?"

तेव्हा बाबांनी हात वर करून गाणं थांबवायला लावलं होतं.

आपण या गाण्यावर दोन महिने बसलो, असं लोंढे सांगू लागले. समुद्राची गाज काढली. कोंबड्या काढल्या. कुणीतरी मध्येच खोकत होतं, तो खोकलाही काढला.

"खोकणारा गेला," बाबा म्हणाले. "खोकलापण जाऊ दे."

लोंढे यांनी आवाज खाली आणला. "आणखी एक केलंय. कुणाला सांगितलेलं नाही. हजराबू प्रत्येक ओळीनंतर थांबायच्या. वय झालं होतं, पुढचं आठवत नसणार. ते सगळे थांबे मी काढून टाकले. आता कुणाला कळणारसुद्धा नाही."

बाबांच्या हातातला रातांबा तसाच राहिला.

"ती विसरायची?"

"हो. म्हणजे... तसं वाटतं."

"मूळ आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"लाव."

मूळ टेप सुरू झाली. गाज आली, कोंबड्या आल्या. पहिली ओळ आली आणि हजराबू थांबली.

बाबा गायले. आवाज फाटका होता, पण ओळ पुरी झाली. ती पुरी होताच हजराबूने पुढची ओळ घेतली. त्या ओळीनंतर बाबा गायले आणि आतून जैनबही गायली, हातातलं काम न सोडता.

झील धरणारे, म्हणजे मागून ओळ पुरी करणारे, अंगणाच्या पार त्या टोकाला, पायऱ्यांवर बसायचे, असं बाबांनी सांगितलं. मास्तरांनी यंत्र धरलं ते हजराबूच्या तोंडाशी. तिचा आवाज आला, त्यांचा गाजेत बुडाला. आणि झील पुरी झाल्याशिवाय पुढची ओळ घ्यायची नाही, हा नियम तिने जन्मभर मोडला नाही.

लोंढे मान खाली घालून ऐकत होते.

सातव्या ओळीनंतर टेप पुन्हा थांबली. या वेळी बाबा गायले नाहीत. जैनबही गायली नाही. नुसती गाज ऐकू येत राहिली.

लोंढे यांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. अकरा झाले.

मग हजराबूची आठवी ओळ आली. बाबांनी हात वर केला आणि लोंढे यांनी टेप थांबवली.

"ही माझी," बाबा म्हणाले.

ते तेव्हा वीस वर्षांचे होते. त्या दिवशी मोठा ढोल हजराबूने दुसऱ्याला दिला, म्हणून ते पायरीवर फुगून बसले होते. सातवी झील त्यांनी एकट्याने धरायची होती. त्यांनी धरली नाही. हजराबू त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. डोळे मिटून बसली होती. मास्तर हाताने खुणा करत होते, टेप संपेल म्हणून. ती थांबून राहिली.

"मग तुम्ही गायलात?"

"पुढची ओळ आली ना?"

लोंढे म्हणाले, की ते सगळे थांबे परत घालतील. एकही गाळणार नाहीत. जसं होतं तसंच छापतील.

"असं देणार असशील तर दे," बाबा म्हणाले.

लोंढे तारा गुंडाळू लागले. पण मध्येच थांबले.

"बाबा, एक अडचण आहे. लोक हे घरी एकेकटे बसून ऐकणार. अकरा सेकंद काहीच नाही. त्यांना वाटेल तबकडी बिघडली. पुस्तिकेत मला दोन शब्द लिहावे लागतील. त्यांनी तिथे ऐकायचं काय?"

बाबांनी हात धुतले आणि पंच्याला पुसले.

"पुन्हा लाव. तीच."

सातवी ओळ आली. संपली.

बाबा गायले नाहीत. ते लोंढे यांच्याकडे बघत थांबून राहिले.

दारात जैनब उभी होती. तीही लोंढे यांच्याकडेच बघत होती.

लोंढे पडद्याकडे बघत होते. चार... पाच... नऊ...

आठवी ओळ आली.

"बाबा, तुम्ही गायलाच नाहीत."

"नाही."

"मग मी तिथे काय ऐकायचं होतं?"

बाबांनी परात पुन्हा जवळ ओढली.

"तिथे ऐकायचं नसतं."