रथांचे एरंडेल

वेणुकंठ नगरात राजा इंद्रवर्मा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका तेल्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव नंदिमित्र. पुढे तो सगळ्या तेल्यांचा श्रेष्ठी झाला. त्या मुलखात एरंडी फक्त वेणुकंठाच्या रानात पिके, त्यामुळे दूरदूरच्या रथांच्या आसांना इथलेच एरंडेल लागे.

एके वर्षी पाषाणकाचा राजा उग्रबाहू याने शेजारच्या चिमुकल्या पद्मखेटाची गुरे हाकून नेली आणि गावाला वेढा घातला. ते ऐकून इंद्रवर्मा तलवारीला हात घालून उठला.

नंदिमित्र म्हणाला, "महाराज, युद्धात दोन्हीकडची माणसे मरतील. उग्रबाहूचे रथ आपल्याच तेलावर पळतात. आधी तेवढे बंद करू."

"आणि तुझे तेली काय खातील?"

"माझे कोठार उघडतो. घाणाही आधी माझाच थांबेल. मात्र धान्य, मीठ आणि औषध अडवायचे नाही. पाषाणकातल्या लेकरांनी कुणावर स्वारी केलेली नाही."

तेली कुरकुरले, पण श्रेष्ठीचाच बैल मोकळा चरताना पाहून त्यांनीही घाणे थांबवले.

पंधरवड्यात उग्रबाहूचे रथ असे किंचाळू लागले, की ते हलले तरी पद्मखेटातल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांना कळे. आस तापून मोडू लागले. मग त्याचा दूत पोट धरून वेणुकंठात आला.

"श्रेष्ठी, औषध बंद नाही ना? आमच्या दहा हजार सैनिकांची पोटे बिघडली आहेत. शंभर बुधले एरंडेल द्या."

सभा खदखदून हसली. नंदिमित्र मात्र हसला नाही. एखाद्याचे पोट खरेच दुखत असेल, असे त्याच्या मनात आले.

"देतो," तो म्हणाला, "पण वैद्यांना घेऊन मीच येतो. ज्याचे दुखते, त्याने आमच्यासमोर प्यावे."

छावणीत सैनिकांची रांग लागली. वाटी पुढे येताच पहिला म्हणाला, "आता बरे वाटते." दुसराही तत्काळ बरा झाला. बघता बघता रांग पांगली. दूताला मात्र राजासमोर खोटे पडायचे नव्हते. त्याने डोळे मिटून वाटी रिकामी केली आणि थोड्याच वेळात तो झाडीकडे धावत सुटला. सगळी छावणी हसली.

एक पांढऱ्या मिशांचा सैनिक तेवढा जागचा हलला नाही.

"बाबा, तुमचे काय दुखते?" नंदिमित्राने विचारले.

"पोट नाही, श्रेष्ठी. घर आठवते. सुगी सुरू झाली असेल."

हसणे थांबले. उग्रबाहू मोडक्या रथांकडे आणि मग आपल्या माणसांच्या तोंडांकडे पाहत राहिला. "परत फिरलो तर तेल मिळेल?" त्याने हळूच विचारले.

"पद्मखेटाची गुरे परत करा, महाराज. मग घराकडे तोंड वळलेल्या प्रत्येक रथाला, आजच."

सूर्य मावळायच्या आत वेढा उठला. पद्मखेटाच्या वेशीतून बायका दूधभात घेऊन बाहेर आल्या, आणि पहिला द्रोण त्यांनी नंदिमित्राच्या हाती दिला.

जमलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा इंद्रवर्मा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. तो म्हातारा सैनिक म्हणजे सारिपुत्त. उग्रबाहू म्हणजे आज सकाळी शेजाऱ्याची सावलीतली जागा बळकावून बसलेला भिक्षू. आणि नंदिमित्र तो मीच." तो भिक्षू ओशाळून हसला आणि उठून उन्हात जाऊन बसला. बोधिसत्त्वाने त्या जन्मी करुणेला न सोडता प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची पराकाष्ठा, पूर्ण केली, ती अशी.